खलाशी जेवला का?

पनवेल
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

कमलाकर तांडेल यांस सप्रेम नमस्कार.

हा नमस्कार झुबेदाने आपल्या मनाने घातलाय. मी नुसतं "अहो तांडेल" एवढंच म्हटलं होतं.

मी मिल्का, इथनची आजी. तुमचा कुत्रा सध्या जिला आपली मोलकरीण समजतो, ती बाई. तुम्ही करंजाचं घर बंद करून उलव्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, सोसायटीने कुत्र्याला मनाई केली आणि विमानतळाच्या कामावर असलेल्या माझ्या नातवाला दयेचा उमाळा आला. तो खलाशाला माझ्याकडे घेऊन आला. बारा दिवसांनी कंपनीने त्याची बदली बडोद्याला केली. नातू गेला, कुत्रा राहिला. उलट झालं असतं तर मला जास्त आवडलं असतं, पण विचारतं कोण?

फोन न करता पत्र का, असं वाटेल. माझ्या कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि या वयात बाईने शिट्ट्या मारणं बरं दिसत नाही. लिहिता-वाचता मला येत नाही. लहानपणी वडिलांच्या तेलाच्या घाण्यावर बैलामागे फिरायचं काम माझ्याकडे होतं. बैल शाळेत गेला नाही, मीही गेले नाही. म्हणून समोरच्या दाराची झुबेदा माझं बोलणं कागदावर उतरवते. उर्दू शाळेत तिने तीस वर्षं मराठी शिकवलं. तेव्हा अक्षर सुंदर दिसेल, त्यावरून माझ्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका.

आता मुद्दा. तुमची भाची मनिषा गव्हाणहून इथल्या बाजारात मासळी आणते, तिच्याकडून तुमचा निरोप मिळाला: दत्तजयंतीपर्यंत खलाशी नीट जेवायला लागला तर ठीक, नाहीतर तुम्ही येऊन त्याला घेऊन जाणार.

तर ऐका. तो जेवतो. काल वरणभात जेवला, वर साजूक तूप. ताट इतकं चाटलं की धुवायचं काम उरलं नाही. तुम्ही निर्धास्त उलव्याला बसा.

मिल्का सॅम्युअल चिंचोलकर

(मी फक्त लिहिते. खरं-खोटं बोलणाऱ्याच्या माथी. – झुबेदा)

* * *

उलवे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मिल्कामावशी,

तुमचं पत्र पोचलं. सुनेनं, दिपिकानं, मोठ्यानं वाचलं, मग मी परत वाचलं. माझं अक्षर बघून हसू नका. सातवी झालो आणि होडीवर गेलो, पुढं हात फक्त दोरीला लागला.

खलाशानं वरणभात खाल्ला हे वाचून बरं वाटलं. नवल पण वाटलं. सात वर्षं माझ्याजवळ व्हता, वरणाकडं त्यानं कदी ढुंकून बघितलं नाय. म्हणजे तुमच्या हाताला चव आसंल.

तरी सांगून ठेवतो, त्याचे नखरे लई. पिल्लू व्हता तवा जाळ्यांच्या ढिगात सापडला. तवापासनं होडीवर. त्याला दूध-भाकर घाला, भाकर कुस्करून. कोंबडीचा रस्सा घाला, तिखट नको. उकडलेलं अंडं पण बगा. खाईल.

माझं इकडं ठीक चाललंय. सातवा मजला. मुलगा चांगला, सून चांगली. खिडकीत उभा राहिलो की लांब खाडीची रेघ दिसते, बोटाएवढी. तिच्या आड पण आता एक बिल्डिंग उठतेय. सकाळी उठून जायचं कुठं ते कळत नाय. मुलगा म्हणतो बाबा, आता आराम करा. मी करतो. आराम करून करून पाय सुजले.

खलाशी जेवत नसंल तर लपवू नका. मी येतो, त्याला घेऊन करंजाच्या घरी ऱ्हातो. कौलं थोडी सरकलीत तेवढंच. मुलाला मी तसं सांगून ठेवलंय.

आपला
कमलाकर

* * *

पनवेल
बुधवार, १२ नोव्हेंबर

अहो तांडेल,

तुमचे तिन्ही उपाय करून झाले.

दूध-भाकर केली. कोंबडीचा रस्सा केला. आता आम्ही यहुदी, आमच्यात दूध आणि मांस एका भांड्यात जात नाही, हे इथन तुम्हाला बोलला असेल. म्हणून खलाशासाठी दोन वाट्या काढल्या, दुधाची निळी, रश्श्याची लाल. कुत्रा असला तरी घर माझं आहे. साहेबांनी निळ्या वाटीत नाक घातलं आणि तेच दुधाचं नाक घेऊन लाल वाटीकडे निघाले. मी मध्ये पडून नाक पुसलं. तो माझ्याकडे असं बघत होता, की नव्या सुनेची पहिली आमटी चाखून सासू बघते ना, अगदी तसं. माझी सासू तरी आमटी संपवायची.

अंडं त्याने अलगद दातांत धरलं, गॅलरीत नेलं आणि कठड्यातून खाली सोडलं. खाली वॉचमन गणू वर्तमानपत्र वाचत होता. गणू आता टोपी घालून बसतो.

मनिषाकडून बांगडा घेतला, पापलेट घेतलं, काटे काढून, भातात कालवून दिलं. इथनने बडोद्याहून कुत्र्यांच्या खाण्याचं पाकीट पाठवलं. त्यावर हसणाऱ्या कुत्र्याचा फोटो आहे. खलाशाने त्या फोटोकडे लग्नात न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि दाराशी जाऊन बसला.

पण म्हणून तो जेवत नाही असं समजू नका हां. आवडीनिवडी आहेत, एवढंच. पोट भरलेलं आहे. माझ्या पलंगाखाली झोपतो. सकाळी माझी काठी तोंडात धरून आणून देतो, मग चहा होईपर्यंत माझ्या पायावर बसून राहतो. त्याचं वजन पडलं की माझा गुडघा दुखायचा थांबतो, हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. शनिवारी माझी चूल बंद असते, तेव्हा तोही दिवसभर हलत नाही. इतका देवभीरू कुत्रा पनवेलात दुसरा सापडायचा नाही.

त्याला करंजाला न्यायची काही गरज नाही. सरकलेल्या कौलांखाली या वयात राहायचीही काही गरज नाही.

मिल्का

(तांडेल, पुढचं मी स्वतःहून लिहितेय, मिल्काबाईंना वाचून दाखवणार नाही. कुत्रा जेवत नाही. दिवसभरात कोरड्या भाताचे दोन घास जातात, बाकी पाणी. बरगड्या मोजता येतील. मी लांबूनच बघते, आमच्यात कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुवावं लागतं, पण मलाही दिसतंय. मिल्काबाई रोज आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसतात आणि मोठमोठ्याने "अरे वा, काय चव आहे" म्हणत जेवतात, तो शिकेल म्हणून. खुदाच्या वास्ते, तो खरोखर काय खातो ते एकदा स्पष्ट लिहा. – झुबेदा)

* * *

पनवेल
मंगळवार, १८ नोव्हेंबर

अहो तांडेल,

तुमचं पत्र मिळालं. वाचायच्या आधीच संपलं.

काल मनिषा पत्र देऊन गेली. ती नेहमीप्रमाणे टोपली खाली गणूजवळ ठेवून वर आली होती. झुबेदा नमाजाला बसली होती, म्हणून मी पत्र टीपॉयवर ठेवलं आणि दूध उतरवायला आत गेले. परत येते तर खलाशी पलंगाखाली, आणि चर्र चर्र आवाज. मी काठी घातली, आरडाओरडा केला. त्याने शेपटी हलवली आणि चावत राहिला. झुबेदा धावत आली, तीही दारातूनच ओरडली. हाती लागला तो एक कोपरा. त्यावर एकच शब्द उरला होता, "आपला". खालचं नावसुद्धा त्याने खाल्लं.

झुबेदाने तो कोपरा वाचून दाखवला आणि मी खालीच बसले.

आता खोटं पुरे. तांडेल, तो माझ्याकडे जेवत नाही. वरणभात मी खाल्ला होता. तीन आठवडे मी त्याच्यापुढे एकेक पदार्थ ठेवते आणि तो एकेकावरून नाक फिरवतो. एवढ्या दिवसांत त्याने पहिल्यांदा मिटक्या मारत खाल्लं ते तुमचं पत्र. शाईसकट.

याचा अर्थ कळायला शाळेत जावं लागत नाही. त्याला जेवण नको आहे, तुम्ही हवे आहात. माझे सॅम्युअल गेले तेव्हा मी त्यांचा सदरा वर्षभर धुतला नव्हता. खाल्ला नाही इतकंच.

तेव्हा दत्तजयंतीची वाट बघू नका. या आणि घेऊन जा. दोन वाट्या आणि ते हसणाऱ्या कुत्र्याचं पाकीटही न्या. माझं काय, गुडघा आधीही दुखत होताच.

मिल्का

(मिल्काबाई आता दोन्ही वाट्या घासून पालथ्या घालतायत. एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिलीय. त्या कोपऱ्याला वास येत होता. मनिषा भेटली की विचारते. – झुबेदा)

* * *

उलवे
गुरुवार, २० नोव्हेंबर

मिल्कामावशी,

तुमचं पत्र वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातचं लिवलेलं खाल्लं त्यानं!

रविवारी सकाळी येतो. मुलाला सांगितलं, तिकडं मुकं जनावर उपाशी मरतंय, मला करंजाला गेलंच पायजे. पिशवी भरली. कंदील घेतला, दोन लुंग्या घेतल्या. दिपिका विचारत व्हती, बाबा, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, बगू.

तुमी त्याचं केलंत, ते विसरणार नाय. खलाशाला सांगा, निघालो म्हणून.

आपला
कमलाकर

* * *

पनवेल
शुक्रवार, २१ नोव्हेंबर
संध्याकाळचे दिवे लावायच्या आत

तांडेल,

पिशवी सोडा. येऊ नका.

आज सकाळी मनिषा तुमचं पत्र घेऊन आली, तेव्हा झुबेदाने तिला जिन्यातच अडवलं. "परवाच्या पत्राला वास कसला होता गं?"

मनिषा म्हणाली, "अगो बाय, पिशवी फाटली व्हती, म्हणून पत्र जवळ्यात खोचलं. सुका जवळा. का? काय झाला?"

जवळा! चिमटीत मावतील असल्या त्या बारक्या सुक्या कोलंब्या! ब्याऐंशी वर्षांत माझ्या घराच्या उंबरठ्याच्या आत न आलेली वस्तू. ज्या मासळीला पर आणि खवले नसतील ती आमच्या चुलीवर चढत नाही, कोलंबी नाही, खेकडा नाही, जवळा नाही. मनिषा मला कधी विचारतसुद्धा नाही. रावस, बांगडा, पापलेट एवढं माझ्यापुढे करते आणि बाकीच्यावर फडकं टाकते.

मग आमच्या गॅलरीत जे झालं ते ऐका.

झुबेदा म्हणाली, "माझ्याकडे डबाभर जवळा आहे. देऊन बघू या."

मी म्हटलं, "मग ने कुत्र्याला तुझ्याकडे."

"तोबा! नमाज पढते मी त्या खोलीत. तुमच्याकडे आणते की जवळा."

"खबरदार!"

"मग भांडं द्या एखादं."

"माझं भांडं? तूच दे तुझं."

"त्यात कुत्रा तोंड घालणार? माझं?"

तुमचा कुत्रा दोन दारांच्या मध्ये बसून आळीपाळीने दोघींकडे बघत होता. शेवटी मी नारळ फोडला. करवंटी कोणाच्याच धर्माची नसते. माझ्या घरचा भात मी करवंटीत घातला. झुबेदाने आपल्या तव्यावर जवळा भाजला, बाहेर आली आणि खांद्याइतक्या उंचीवरून, देवळातला प्रसाद वाटतात तसा, वरून सोडला. तीन-चार चिमट्या करवंटीत पडल्या, बाकी गॅलरीभर.

खलाशाने आधी करवंटी संपवली. मग गॅलरी. मग झुबेदाच्या दाराच्या फटीतला एक जवळा, ज्याच्यासाठी त्याने दहा मिनिटं खर्च केली. मग माझ्याकडे येऊन पायावर बसला आणि ढेकर दिला.

झुबेदा मला दुपारी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांकडेही घेऊन गेली. ते म्हणाले, कुत्र्याने काय खावं यावर आपल्यात बंदी नाही. मी म्हटलं, माझ्या तव्यावर आहे, तेवढं मला माहीत आहे.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही मला दूध सांगितलंत, रस्सा सांगितलात, अंडं सांगितलंत. सात वर्षं तो काय खात होता ते तुम्हाला ठाऊक होतं. करंजाचा तांडेल जवळा विसरतो? मी स्वतःला शहाणी समजून त्या कागदाच्या कोपऱ्यावर रडले, आणि तो आपला जवळा चघळत होता!

का लपवलंत? उत्तर सरळ लिहा, आणि पत्र प्लास्टिकमध्ये घाला.

मिल्का

* * *

उलवे
सोमवार, २४ नोव्हेंबर

मिल्कामावशी,

पिशवी अजून भरलेलीच हाय. कोपऱ्यात ठेवलीय.

तुमी का म्हणून विचारलं. एक कारण असं सांगता येईल की इथननं मला तुमच्या घरच्या चालीरीती सांगितल्या व्हत्या. जी बाई कुत्र्याला पण दोन वाट्या ठेवते, तिला जवळा शिजवा म्हणून कोणत्या तोंडानं सांगू? हे कारण खोटं नाय. पण पुरं पण नाय.

पुरं लिवतो. मी चुकीचं सांगितलं ते मुद्दाम. खलाशी दुधाला तोंड लावत नाय हे मला म्हाईत व्हतं. त्यानं तुमच्याकडं खाऊ नये आसं मला वाटत व्हतं. तो जेवला नाय की मुलगा मला आडवू शकला नसता. माझ्यासाठी मी करंजाला जातो म्हटलं तर मुलगा म्हणणार, बाबा, इथं काय कमी हाय? आणि इथं कमी काय नाय. तेच तर. त्याच्यावर बोट ठेवायला मला जागाच नाय. कुत्र्यासाठी जातो म्हटलं तर बोलता येत व्हतं.

झुबेदाबाईंनी तुमच्या मागं एक ओळ लिवली व्हती. खलाशाच्या बरगड्या दिसतात म्हणून. ती वाचली आणि मला माझीच लाज वाटली. ताबडतोब पत्र लिवलं. त्यात सगळं खरं लिवलं. जवळा द्या, भाजून द्या, नाक धरून द्या पण द्या, आसं लिवलं. माझी चूक पण लिवली. चार वेळा खाडाखोड करून लिवलं.

तेच त्यानं खाल्लं.

मग तुमचं पत्र आलं, या आणि घेऊन जा. मावशी, माणूस किती चांगला वागणार? एकदा खरं बोललो, ते कुत्र्याच्या पोटात गेलं. देवानंच सुटका केली आसं वाटलं. पिशवी भरली.

आता तुमी शिव्या घाला. खलाशी तुमचाच. जवळा मनिषाकडनं घ्या, तिला सांगून ठेवतो.

कमलाकर

* * *

पनवेल
गुरुवार, २७ नोव्हेंबर

अहो तांडेल,

दोन दिवस रागावले होते. झुबेदावरही, कारण माझ्या पाठीमागे माझ्याच पत्रात ती पुस्त्या जोडत होती. मला वाचता येत नाही याचा फायदा घेतला. तिला म्हटलं, शिक्षिका असून कॉपी करतेस? ती म्हणाली, कॉपी नाही, दुरुस्ती. मग तिने चहा केला.

राग गेला तो असा. काल सकाळी मी हिशेब लावत बसले की यात खोटं कोण कोण बोललं. कुत्रा आपल्याकडे राहावा म्हणून मी बोलले. राहू नये म्हणून तुम्ही बोललात. सगळ्यांत सरळ वागला तो खलाशी. नको होतं तेव्हा नको म्हणाला, हवं होतं ते पत्रासकट खाल्लं.

मुलाच्या घरात काही कमी नसणं म्हणजे काय, हे मला सांगू नका. इथन बडोद्याला बोलावतो. लिफ्ट आहे, एसी आहे. मी त्याला सांगते, गुडघा प्रवास करू देत नाही. गुडघ्याने बापड्याने कधीच नाही म्हटलेलं नाही.

आता पुढचं नीट ऐका. हे पत्र तुमच्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवा, सुनेलाही. मध्ये काही गाळू नका.

एक नवीन अडचण उभी राहिली आहे. झुबेदाच्या डब्यातला जवळा संपला. तो तिच्या माहेरचा होता, थेट करंजाहून आलेला. मग मनिषाकडून पनवेलच्या बाजारातला घेतला. खलाशाने वास घेतला आणि तोंड फिरवलं. पुन्हा भाजून दिला, पुन्हा तेच. या कुत्र्याला बाजारचा जवळा चालत नाही. करंजाच्या बंदरावर वाळलेला, ओळखीच्या माणसाने हाताने निवडलेला, बोटीचा वास असलेलाच लागतो. आणि तो ताजा लागतो, आठवड्याच्या वर जुना झाला की साहेबांना चालत नाही.

ही निवड माझ्याच्याने होणार नाही. मला जवळ्यातलं काय कळतं? झुबेदाचे पाय दुखतात. मनिषाला तिचा धंदा आहे. तेव्हा दर रविवारी कोणीतरी जाणत्या माणसाने करंजाला जायला हवं, दिवसभर उन्हात बसून जवळा बघून घ्यायला हवा, गरज पडली तर रात्री तिथे मुक्काम करायला हवा, आणि सोमवारी पनवेलला आणून द्यायला हवा. नाहीतर मुकं जनावर पुन्हा उपाशी राहील आणि ते पाप कोणाच्या डोक्यावर बसेल ते मी सांगत नाही.

कौलं आधी नीट करून घ्या म्हणावं मुलाला. वडिलांना गळक्या घरात पाठवू नये.

मिल्का

(या वेळी माझी पुस्ती नाही. – झुबेदा)

* * *

उलवे
बुधवार, ३ डिसेंबर

मिल्कामावशी,

पत्र मोठ्यानं वाचलं. मुलगा जेवता जेवता थांबला. परत वाचा म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, म्हणजे तुमाला जायलाच लागंल." मी म्हटलं, "मला कुठं हौस हाय? पण करणार काय?" दिपिका खाली मान घालून हसत व्हती. तिनं घट्ट झाकणाचा मोठा डबा काढून दिला. मुलगा शनिवारी माणूस घेऊन कौलं बसवायला जातोय.

मावशी, एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाय. तुमालाच सांगतो. पनवेलच्या बाजारात मनिषा जो जवळा इकते, तो येतो कुठनं? करंजाच्याच बंदरावरनं. माझ्या घराच्या समोर वाळतो तो. गेली कैक वर्षं आमच्या घरच्या बायाच तो वाळवत आल्या. त्याच्याकडं बघून खलाशी तोंड फिरवतो हे वाचलं, आणि खाली झुबेदाबाईंची पुस्ती नाय हे बघितलं, तवाच समजलो. तुमच्या अडाणीपणाचं तुमी लई कौतुक सांगता. माझ्या सातवीपेक्षा ते भारी पडलं.

रविवारी पहिल्या गाडीनं करंजा. सोमवारी दुपारपर्यंत तुमच्याकडं. मी पण जेवूनच जाईन. मला तुमच्या हातचा बांगडा पायजे, खलाशानं नाक मुरडलेला. जवळा झुबेदाबाईंकडं, मी आणि खलाशी मधल्या गॅलरीत. करवंट्या दोन ठेवा.

तो पयला कोपरा तुमी अजून ठेवलाय, मनिषा सांगत व्हती. ठेवा. आता खालचं नाव पण येतंय.

खलाशाला मी येणार हे सांगायची गरज नाय. या बारीला मनिषाची पिशवी फाटलेली नाय, तरी मी सांगून पत्र जवळ्यातच खोचायला लावलंय. आधी वाचून घ्या, मग त्याला द्या.

आपला
कमलाकर